ओरिजिनल आहे ना?

सोमवार ते शुक्रवार मी कंपनीच्या एक्सेल शीट्समध्ये बुडालेला असतो. शनिवारी मात्र माझं दुकान उघडतं. दुकान म्हणजे काय, तर डोंबिवलीच्या फ्लॅटमधलं एक कपाट! आत जुन्या युरोपियन गाड्यांच्या ॲक्सेसरीज. बीटलच्या डॅशबोर्डवर लावायची पोर्सेलीनची इवलीशी फुलदाणी, स्टेपनीच्या आत चपखल बसणारा हॅझेटचा गोल टूलबॉक्स, फियाटचं वेग्लिया मीटर... आई म्हणते भंगार, गिऱ्हाईक म्हणतं खजिना.

आणि गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, 'ओरिजिनल आहे ना?'

ओळखायचं कसं? फंडा सोपा आहे. चमक बघू नका, पाठ बघा. फोक्सवॅगनच्या जुन्या पार्टवर बहुतेकदा नंबर असतो. तो 111 किंवा 113ने सुरू झाला, तर पार्ट मुळात बीटलसाठीच बनलेला. व्हीडीओच्या मीटरवर महिना-सालाचा शिक्का सापडतो. गाडी 1962ची आणि शिक्का 1971चा, म्हणजे मामला गडबड! आणि हो, व्होल्टेज विसरू नका. त्या काळची बीटल 6 व्होल्टवर चालायची. तिचा रेडिओ 12 व्होल्टला जोडलात, तर धूर निघालाच म्हणून समजा.

आज मी हे शहाण्यासारखं सांगतोय, पण त्यासाठी चांगली फी भरली आहे.

एका जुन्या बाजारात मला ब्लाउपुंक्टचा कार रेडिओ मिळाला. त्याच आठवड्यात दादरच्या एका काकांचा फोन. वडिलांची 1962ची बीटल, तिच्यातला रेडिओ कधीच चोरीला गेलेला. "डॅशबोर्डातलं ते भोक बघितलं ना, की दात पडल्यासारखं वाटतं रे," काका म्हणाले.

मीही फॉर्मात आलो. ही कंपनी 1920च्या दशकात हेडफोन बनवायची, तपासून पास झालेल्या हेडफोनवर निळा ठिपका लावायची. लोक 'निळा ठिपका'च मागू लागले आणि जर्मन भाषेतलं तेच नाव कंपनीला चिकटलं. युरोपातला पहिला कार रेडिओही याच कंपनीचा, 1932चा. काका खूश. व्यवहार झाला.

चार दिवसांनी पुन्हा फोन. "अरे, मेकॅनिकनं उघडला. आत एमपी3 प्लेअरचं नवं सर्किट आहे. जर्मन आहे ते फक्त तोंड!"

मी तो उघडून बघितलाच नव्हता. म्हणजे ठिपक्याची गोष्ट सांगितली, पण तपासणी मात्र केली नाही. 'काका, जुन्या मालाची गॅरंटी नसते,' असं म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. मला विकणाऱ्यानं तेच ऐकवलं होतं. आणि रक्कम? फ्लॅटच्या महिन्याच्या हप्त्याएवढी! रात्री झोप लागेना. सकाळी ऑफिसला जाताना दादरला उतरलो आणि पैसे परत दिले. काका काही बोलले नाहीत, फक्त चहा दिला.

तेव्हापासून कपाटातल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असते: 'ओरिजिनल', 'रिपेअर केलेलं' किंवा 'नवी नक्कल'. नक्कल विकण्यात गैर काही नाही. ती ओरिजिनल म्हणून विकण्यात आहे. 2021मध्ये केंद्र सरकारनं मूळ रूपातल्या, 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' नंबरची वेगळी नोंदणी आणली. तेव्हापासून माझे फोन तर जास्तच वाजू लागले. पण 'रिपेअर केलेलं' म्हटलं की निम्मे लोक फोन ठेवतात. ठेवू देत.

आठ महिन्यांनी एक मित्र जर्मनीतल्या एसेनच्या टेक्नो-क्लासिका प्रदर्शनात गेला होता. त्याच्याकडून एक 6 व्होल्टचा सेट मागवला. या वेळी आधी स्क्रू काढले, आतले फोटो काकांना पाठवले, मगच दादर गाठलं. सेट भोकात अलगद बसला. बटण फिरवलं. आधी काहीच नाही, मग नुसती खरखर. काकांनी डोळे मिटून ती खरखर ऐकली.

"किती द्यायचे?" त्यांनी विचारलं.

नेहमीचा तो प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.