तोफ वाजण्याआधी

शिडाच्या होडीतून एकट्याने जगाला वळसा घालायला निघायचं, तर पहिला प्रश्न होडीचा नसतो आणि हिमतीचाही नसतो. तो तारखेचा असतो. गिरगावात लग्नाची तारीख पंचांगापेक्षा हॉल कधी रिकामा आहे यावर ठरते, तशी ही तारीख निघायच्या बंदरावर न ठरता केप हॉर्नवर ठरते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, 56 अंश दक्षिणेजवळ असलेलं हे भूशिर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात गाठावं लागतं. इतर वेळी तिथे वादळं एकापाठोपाठ एक येतात, दिवस लहान असतो आणि थंडीने हातात दोर धरवत नाही. तेव्हा आधी हॉर्नला पोचायचा महिना ठरवायचा आणि तिथून उलटं मोजत घरापर्यंत यायचं.

मुंबईहून निघालेल्या दोन फेऱ्यांच्या तारखा या हिशेबाने पाहिल्या की लगेच उलगडतात. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी निघाले. त्यांना फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाऊन असे चार मुक्काम करायचे होते, म्हणून निघणं लवकर. त्या वर्षी नारळी पौर्णिमा 5 ऑगस्टला होती; कोळ्यांच्या होड्या नुकत्या कुठे पाण्यात उतरत होत्या आणि नैर्ऋत्येचा मोसमी वारा अजून समोरून येत होता. दोंदे 19 मे 2010 रोजी परतले आणि एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्यानंतर त्याच ‘म्हादेई’ होडीवरून अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 रोजी निघाले. त्यांना कुठेच थांबायचं नव्हतं, त्यामुळे नोव्हेंबर चालला. जानेवारीच्या अखेरीस त्यांनी हॉर्न ओलांडलं आणि 31 मार्च 2013 रोजी ते मुंबईत परत आले.

या दोन्ही फेऱ्या शर्यती नव्हत्या. समोर प्रतिस्पर्धी नव्हता, बक्षीसही नव्हतं. पण विनाथांबा प्रदक्षिणेचे नियम कुठल्याही शर्यतीइतकेच कडक असतात: जिथून निघालात तिथेच परत या, सगळी रेखावृत्तं ओलांडा, विषुववृत्त निदान दोनदा ओलांडा, कालव्यातून जाऊ नका, कुणाची मदत घेऊ नका आणि किमान 21,600 सागरी मैल तोडा. हा आकडा उगीच आलेला नाही. पृथ्वीच्या परिघाचे 360 अंश, प्रत्येक अंशाच्या 60 कला आणि एका कलेला एक सागरी मैल, म्हणजे 1.852 किलोमीटर. गुणाकार करून पाहा.

खरी शर्यत पहिल्यांदा झाली 1968 साली. लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने ‘गोल्डन ग्लोब’ जाहीर केली, आणि गंमत म्हणजे तिला सुरुवातीची रेषाच नव्हती. 1 जून ते 31 ऑक्टोबर या काळात ज्याने त्याने आपल्या सोयीने ब्रिटनमधून निघायचं. यात तारखेचं गणित पुरतं उघडं पडलं. छोट्या होड्या हळू चालतात म्हणून त्या जूनमध्येच सुटल्या. मोठ्या, वेगवान होड्या मागे थांबल्या. आणि डोनाल्ड क्रोहर्स्ट 31 ऑक्टोबरला, मुदत संपायला काही तास उरले असताना निघाला. त्याच्या होडीचं काम अर्धवट होतं आणि होडीत शिरलेलं पाणी उपसण्याची नळी किनाऱ्यावरच राहिली होती. निघाल्या निघाल्या दोर अडकला म्हणून त्याला ओढून परत आणावं लागलं आणि तो पुन्हा सुटला. पुढे तो अटलांटिकमध्येच घोटाळत राहिला, रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवत गेला, आणि जुलै 1969 मध्ये त्याची होडी रिकामी सापडली. त्याच्या खोटेपणावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र वाटतं की तो धक्का सोडतानाच अडकला होता: कर्ज डोक्यावर, गावाचं नाव होडीवर आणि तारीख दुसऱ्याच्या हातात.

त्या शर्यतीत नऊ जण निघाले, पुरा वळसा घालून परत आला एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली होती.

नॉक्स-जॉन्स्टन व्यापारी जहाजांवर अधिकारी होता आणि त्या नोकरीत त्याचा मुंबईशी संबंध आला. 1964 साली पाण्यात उतरलेली ही 32 फुटी, दोन डोलकाठ्यांची होडी इथल्या सुतारांनी वाकस आणि हातहत्यारांनी, सागवानात घडवली. मुंबईच्या सागवानी बांधणीची ख्याती तेव्हाही जुनीच होती. वाडिया घराण्याने इथल्या गोदीत 1817 साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. ओक कुजतो, त्याला समुद्रातला किडा लागतो. सागाच्या अंगात तेल असल्यामुळे तो टिकतो.

‘सुहैली’ वेगवान नव्हती. जाड, ठेंगणी, पोटाखाली नाळेपासून मागेपर्यंत लांबलचक कणा असलेली. पण एकट्या माणसाला असा कणा फार उपयोगी पडतो, कारण शिडं नीट जुळवली की होडी हात न लावता बराच वेळ सरळ चालते. ऑस्ट्रेलियाजवळ तिचं आपोआप सुकाणू धरणारं यंत्र कायमचं मोडलं, तेव्हा पुढचं निम्म्याहून अधिक जग तिने असंच, शिडांच्या तोलावर कापलं. त्याआधी अटलांटिकमध्येच तळाच्या फळ्यांमधून पाणी आत यायला लागलं होतं. नॉक्स-जॉन्स्टनने पाण्याखाली उतरून फटीत कापूस ठोकायचा प्रयत्न केला, पण हेलकावणाऱ्या होडीखाली श्वास पुरेना. मग त्याने वर येऊन कापसाची वात कॅनव्हासच्या पट्टीला शिवली, पट्टीला डांबर लावलं, परत खाली जाऊन ती तांब्याच्या खिळ्यांनी फटीवर ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा मारला. मधे एक शार्क घिरट्या घालत होता, त्याला गोळी घालावी लागली. 22 एप्रिल 1969 रोजी तो फॅल्मथला पोचला. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

पुढे चाळीसेक वर्षांनी हाच माणूस मुंबईच्या गोष्टीत परत येतो. निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी फलटणजवळ विंचुर्णीला राहत. भारतीयाने एकट्याने जगाला वळसा घालावा ही कल्पना त्यांची. नौदलाने ती उचलली आणि 2006 साली दोंदे पुढे झाले. शिकायचं कुठे, तर ते थेट नॉक्स-जॉन्स्टनकडे गेले. तो तेव्हा दुसऱ्या एका एकट्याच्या जगशर्यतीची तयारी करत होता. शर्यत कशी धावायची यापेक्षा शर्यतीला निघायचं कसं, हे दोंदे तिथे हाताने काम करून शिकले. इकडे गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात लाकूड आणि फायबरग्लासची 56 फुटी ‘म्हादेई’ उभी राहिली आणि फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात आली. म्हणजे होकार देण्यापासून मुंबई सोडेपर्यंत तीन वर्षांहून जास्त काळ गेला आणि समुद्रावर नऊ महिने. हे प्रमाण साधारण सगळीकडे असंच दिसतं.

आता होडीच्या आत काय काय लागतं ते पाहू. एकटा माणूस चोवीस तास सुकाणू धरू शकत नाही, म्हणून दुसरा ‘हात’ लागतो. विजेवर चालणारा ऑटोपायलट होडीची दिशा होकायंत्रावर धरून ठेवतो. वाऱ्यावर चालणारं यंत्र त्याहून सुंदर. होडीच्या मागे एक पातळ फळी उभी असते, कड वाऱ्याकडे करून. होडी दिशा सोडून वळली की वारा फळीच्या अंगावर येतो आणि ती आडवी होते. तिच्याशी जोडलेलं पाण्यातलं वल्हं त्यामुळे थोडंसं पिळतं. होडी पुढे जात असल्याने पाणी त्या पिळलेल्या वल्ह्याला जोराने एका बाजूला ढकलतं, आणि वल्ह्याला बांधलेले दोर सुकाणू ओढून होडी जागेवर आणतात. यात विजेचा थेंब लागत नाही. खोट एवढीच, की हे यंत्र वाऱ्याशी कोन धरतं, नकाशाशी नाही. तुम्ही झोपलात आणि वारा फिरला, तर होडीही इमानाने त्याच्यामागे फिरते.

2018 साली ‘गोल्डन ग्लोब’ पुन्हा सुरू झाली ती जुन्या थाटात: जीपीएस बंद, ऑटोपायलट बंद, 1968 साली जे होतं तेवढंच वापरायचं. टॉमी त्या वर्षी ‘थुरिया’ घेऊन उतरले. ती दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेली ‘सुहैली’ची प्रतिकृती होती. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीचा कणा जायबंदी झाला आणि फ्रेंच गस्तीनौका ‘ओसिरिस’ने त्यांना उचललं. शस्त्रक्रिया झाली, चालणं पुन्हा शिकावं लागलं. तरी 4 सप्टेंबर 2022 रोजी ते फ्रान्समधल्या ले साब्ल दोलॉनहून त्याच शर्यतीत पुन्हा निघाले. 16 जण सुटले होते. कर्स्टन नॉयशेफर पहिली आली, टॉमी 29 एप्रिल 2023 रोजी दुसरे. वाटेत त्या वाऱ्यावरच्या यंत्राच्या फळ्या मोडत गेल्या, तेव्हा त्यांनी होडीतल्या संडासाचा दरवाजा कापून नवी फळी बनवली. काय न्यायचं याची यादी करताना अनुभवी माणूस प्रत्येक वस्तूकडे असंच पाहतो: ही मोडली तर कशाने सांधू, आणि हिच्यातून आणखी काय कापून निघेल?

जीपीएस नसेल तर सेक्स्टंट. भर दुपारी सूर्य सर्वांत वर असताना त्याची क्षितिजापासूनची उंची मोजली की अक्षांश मिळतो. रेखांशाला घड्याळ लागतं. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे चार सेकंदांत एक कला. घड्याळ चार सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर तुमची जागा एक सागरी मैल चुकते. म्हणून घड्याळाला किल्ली रोज ठरल्या वेळी द्यायची आणि रेडिओवरच्या वेळेशी ते ताडून फरक वहीत लिहायचा. घड्याळ मागेपुढे असलं तरी चालतं, किती मागेपुढे ते माहीत हवं.

खाण्याचं त्या मानाने सोपं. टॉमींबरोबर म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेचं तयार जेवण होतं. पाकीट गरम केलं की झालं. कांदे-बटाटे हवेशीर जाळीत टिकतात, हिरवी भाजी पहिल्या आठवड्यातच संपवायची. पाण्यात मात्र हयगय चालत नाही. ते एका टाकीत कधीच ठेवायचं नाही, आणि शिडावर पडणारा पाऊस धरायची सोय आधीच करून ठेवायची. टॉमींच्या विनाथांबा फेरीत शेवटी पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं आणि पावसाच्या पाण्यावर दिवस काढावे लागले.

मग उरते ती तोफ. शिडाच्या शर्यतीत उभ्या उभ्या सुरुवात करता येत नाही, कारण होडीला ब्रेक नसतो. म्हणून पाच मिनिटांची उलटी मोजणी असते. पाच मिनिटं उरली की वर्गाचा झेंडा चढतो आणि तोफ किंवा भोंगा वाजतो, चार मिनिटं उरली की दुसरा झेंडा, एक मिनिट असताना तो दुसरा उतरतो, शून्याला पहिला. मुंबई बंदरात पावसाळ्यानंतरच्या हंगामात होणाऱ्या छोट्या शर्यतींतही अशीच पद्धत असते. कसब असं, की शून्याच्या क्षणी होडी पूर्ण वेगात असावी आणि तरी रेषेच्या अलीकडे. आधी ओलांडली तर मागे फिरा, नाहीतर दंड. महिनोन्‌महिने चालणाऱ्या शर्यतीत दहा सेकंदांना किंमत नसते. तिथे शहाणा खलाशी गर्दीच्या कडेने निघतो, बघ्यांच्या बोटींपासून दूर. काही शर्यतींत शेवटच्या काही मिनिटांपर्यंत मदतनीस होडीवर असतात, शिडं चढवून देतात आणि उतरतात. इंजिनाच्या दांड्याला सील केलेलं असतं. पंखा फिरला तर सील तुटतं आणि ते परत आल्यावर तपासतात.

मुंबईतून निघणाऱ्याला रेषेपेक्षा बंदराची काळजी जास्त. इथे मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत सुमारे पाच मीटरपर्यंत फरक पडतो, आणि ओहोटीचं पाणी वेगाने बाहेर धावतं. पाच-सहा नॉटने, म्हणजे तासाला पाच-सहा सागरी मैलांनी, चालणाऱ्या होडीने त्याच्यासोबत निघावं, विरुद्ध नाही. नोव्हेंबरात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, तो पाठीशी घेता येतो. दुपारी खारे वारे सुटले की ते समुद्राकडून येतात. उजवीकडे कुलाब्याच्या टोकाचं, 1875 सालचं प्राँग्ज दीपगृह मागे पडतं, डावीकडे खांदेरी बेट. मधे नांगरलेली मालवाहू जहाजं. त्यापुढे कोळ्यांची डोल जाळी आणि ट्रॉलर, आणि रात्री त्यातली निम्मी जाळी अंधारात.

म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री झोप जवळजवळ नसते. झोपेचं माप जहाजाच्या वेगावरून निघतं. समोरून येणारं जहाज 18 नॉटने, तुम्ही सहाने; जवळ येण्याचा वेग 24. जहाजाचे दिवे आठ मैलांवर दिसले, तर टक्कर व्हायला 20 मिनिटं. त्यामुळे गजर 20 मिनिटांचाच: उठायचं, चारी बाजूंचं क्षितिज सावकाश पाहायचं, शिडांवर नजर टाकायची, परत आडवं व्हायचं. आता रडार आणि जहाजांची माहिती देणारं एआयएस वाजून जागं करतात, पण लाकडी मच्छीमार होडी रडारवर नीट उमटतेच असं नाही आणि तिच्यावर एआयएस असेलच असंही नाही. किनारा आणि जहाजांची वाट दोन्ही मागे पडली, की मगच गजर दीड तासावर न्यायचा.