मुलांच्या रोबोट गाडीवर बोर्ड कसा बसवावा?

— ऊस विकास अधिकारी



गटवार भेटीला गेले की खतपाणी, तोडणीचा कार्यक्रम, ठिबकचे अनुदान हे विषय निघतातच. अलीकडे त्यात एकाची भर पडली आहे. "साहेब, पोरानं रोबोटची गाडी केलीय. पण दुकानातून आणलेला बोर्ड दोनदा जळाला. खराब माल गळ्यात मारतात का हो?" असे विचारणारे सभासद आता दर एक-दोन गावांत भेटतात. 2016 साली अटल टिंकरिंग लॅबची योजना सुरू झाली आणि सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती मोटार, सेन्सर, बोर्ड या वस्तू आल्या. चांगलेच झाले. पण शाळेत केलेली गाडी मुले घरी आणतात, तेथे शिक्षक नसतात आणि आई-बाप बोर्डाला हात लावायला बिचकतात. म्हणून या वेळी खोडव्याचा विषय पुढच्या अंकावर ढकलून हा घेतला आहे.

माल कधी कधी खराब असतो, नाही असे नाही. पण जळालेला बोर्ड हाती घेऊन खालची बाजू पाहिली की बहुतेक वेळा दोष बैठकीत सापडतो. मुलाने जोडणी बरोबर केलेली असते, प्रोग्रॅमही बरोबर असतो, पण बोर्ड गाडीवर नुसता ठेवलेला किंवा चिकटवलेला असतो.

नवशिक्या मुलांच्या गाडीवर बहुधा आर्डुइनो उनो नावाचा बोर्ड असतो. आर्डुइनोचा जन्म 2005 साली इटलीतील इव्रेया गावी झाला, तोही विद्यार्थ्यांसाठीच. त्यातील उनो हा प्रकार 2010 साली आला. आकाराने तो पोस्टकार्डाच्या निम्म्याहून लहान, साधारण 68.6 मिलिमीटर लांब आणि 53.4 मिलिमीटर रुंद. वजन अवघे 25 ग्रॅम. वरून पाहिले तर नीटनेटका दिसतो. उलटा करा, म्हणजे खरी गोष्ट कळेल. खाली कथिलाने डाग दिलेली पुष्कळ टोके उघडी असतात आणि ती बोटाला टोचतात. दोन टोकांतले अंतर अडीच मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षाही कमी. त्यातल्या एका टोकावर बॅटरीचा दाब, शेजारच्यावर ऋण, पलीकडे 5 व्होल्ट. या टोकांखाली पत्रा, खिळा, सुटलेला नट किंवा वायरीची तार आली की वीज भलत्या वाटेने पळते. बोर्डावरची मुख्य चिप जास्तीत जास्त साडेपाच व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेली आहे. तिच्यात बॅटरीचे सात-आठ व्होल्ट शिरले की ती क्षणात गेलीच म्हणून समजा. धूर निघेल किंवा निघणारही नाही.

एका गटातल्या सभासदाच्या मुलीने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गाडीची चेसी केली होती. काम इतके सफाईचे की गावच्या फॅब्रिकेटरनेही मान डोलवावी. बोर्ड तिने दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या पट्टीवर बसवला होता. घरी आठ दिवस गाडी उत्तम चालली. प्रदर्शनाच्या दिवशी मंडपात ऊन आले, पत्रा तापला, पट्टीचा डिंक ढिला झाला आणि वळणावर बोर्ड अर्धा बोट सरकून पत्र्याला टेकला. गाडी जागेवर थांबली ती थांबलीच. पोर रडकुंडीला आली. "मला हे जमणारच नाही," असे म्हणून तिने सगळे सामान खोक्यात भरून माळ्यावर टाकले. बोर्डाचे काही शे रुपये गेले त्याचे एवढे नाही, पण खोके माळ्यावर गेले याचे वाईट वाटते. चार प्लॅस्टिकच्या पायांनी हे टळले असते.

येथे एक शंका नेहमी येते. "लॅपटॉपला जोडून पाहिलं तेव्हा तर नीट चालत होती, बॅटरी लावल्यावरच कशी जळाली?" त्याचे कारण असे की, बोर्डाच्या यूएसबीच्या वाटेवर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज बसवलेला असतो. 500 मिलिअँपिअरच्या वर प्रवाह गेला की तो वाट अडवतो. म्हणून लॅपटॉपच्या वायरीवर चूक पुष्कळदा माफ होते. बॅटरीच्या वाटेवर मात्र असा फ्यूज नाही. तेव्हा लॅपटॉपवर चालली म्हणजे बैठक बरोबर आहे, असे समजू नये.

आता प्रत्यक्ष बैठकीकडे वळू.

पहिली गोष्ट, बोर्ड सर्वांत शेवटी बसवावा. मुले उलटे करतात. बोर्ड ही कौतुकाची वस्तू, म्हणून तोच आधी आवळतात आणि मग बॅटरीला जागा उरत नाही. आधी दोन मोटारी, चाके आणि पुढचे फिरते चाक बसवून घ्यावे. मग बॅटरी, मोटारींचा ड्रायव्हर बोर्ड आणि आर्डुइनो या तीन वस्तू स्क्रू न लावता चेसीवर नुसत्या मांडून पाहाव्यात. गाडीत ऊस भरताना आपण काय पाहतो? भार मागे गेला की गाडी उलाळ होते आणि पुढे आला की बैलाच्या मानेवर जू जड होते. येथेही तेच. आर्डुइनोचे वजन 25 ग्रॅम, पण 18650 या प्रकारच्या दोन लिथियम सेलचे वजन 90 ग्रॅमच्या आसपास भरते. त्यामुळे जागा आधी बॅटरीची ठरवावी. चालत्या चाकांच्या आसाजवळ, किंचित फिरत्या चाकाकडे आणि जमिनीच्या जवळ अशी ती असावी. आसावर भार असला तरच चाके जमीन धरतात, नाहीतर गुळगुळीत फरशीवर नुसती घसरतात. बोर्ड हलका आहे, तो वरच्या मजल्यावर गेला तरी बिघडत नाही.

बोर्डाचे तोंड कोणीकडे करावे हेही आताच ठरवावे. यूएसबीचे चौकोनी तोंड गाडीच्या बाहेरच्या कडेला आले पाहिजे आणि त्यासमोर बोटभर तरी जागा मोकळी हवी. हे विसरले की प्रोग्रॅम बदलताना दर वेळी बोर्ड सोडवावा लागतो, आणि मुले तर दिवसातून दहा वेळा प्रोग्रॅम बदलतात! रीसेटच्या बटणापर्यंत बोट गेले पाहिजे. दोन्ही कडांच्या पिनांत वायर घालता-काढता आली पाहिजे. मोटार ड्रायव्हर, बहुधा एल298एन, चालताना तापतो आणि त्याच्यावर काळा पंखेदार ॲल्युमिनिअमचा ठोकळा असतो. त्याच्या डोक्यावर आर्डुइनो बसवू नये, वायरीही त्याला टेकू देऊ नयेत. काही मुले ड्रायव्हर वेगळा न घेता आर्डुइनोच्या डोक्यावरच बसणारा मोटार बोर्ड घेतात. त्यांनी यूएसबीच्या लोखंडी तोंडावर आधी विजेच्या कामाची चिकटपट्टी लावावी, कारण वरच्या बोर्डाची टोके नेमकी तेथेच टेकतात.

भोके पाडताना थोडे थांबावे. उनोला चार भोके आहेत, प्रत्येक 3.2 मिलिमीटरचे. पण ती चौकोनात नाहीत, बरं का. एका टोकाची दोन जवळजवळ कडेला आहेत आणि दुसऱ्या टोकाची दोन आत सरकलेली. अंदाजाने चार कोपरे धरून भोके पाडली की तीन जुळतात, चौथे चुकते आणि मग पोर बोर्ड ओढून-ताणून बसवते. त्यापेक्षा कागदावर बोर्ड ठेवून अणकुचीदार पेन्सिलीने चारही भोके उतरवून घ्यावीत, तो कागद चेसीवर चिकटवावा आणि खुणांवर ड्रिल चालवावे. बोर्डच चेसीवर ठेवून त्याच्या भोकातून ड्रिल मारणे हा शहाणपणा करू नये. धातूचा कीस बोर्डाच्या टोकांत अडकतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. चेसी ॲक्रिलिकची असेल तर वरचा कागद किंवा फिल्म काढू नये, खाली लाकडाची फळी धरावी आणि ड्रिल हळू चालवावे. घाई केली की ती काचेसारखी तडकते.

आता पाय. दुकानात 3 मिलिमीटरच्या स्क्रूसाठी नायलॉनचे स्पेसर मिळतात, त्यातले 10 मिलिमीटर उंचीचे घ्यावेत. खालची टोके दोन-तीन मिलिमीटर खाली आलेली असतात, म्हणून पाच मिलिमीटरही पुरतील. पण दहा घेतले की खालून हवा खेळते, एखादी वायर नेता येते आणि काही सुटून पडले तर दिसते. पितळी स्पेसरही मिळतात, परंतु नवशिक्याने नायलॉनचेच घ्यावेत, विजेची भीती राहत नाही. तालुक्याला जायला सवड नसेल तर जुन्या बॉलपेनची जाड नळी कापून चार तुकडे करावेत आणि त्यांतून लांब स्क्रू घालावेत. मात्र चारही तुकडे अगदी सारख्या उंचीचे हवेत, पट्टीवर मोजून. एक पाय आखूड राहिला की आवळताना बोर्ड वाकतो. वाकलेला बोर्ड लगेच बंद पडत नाही, खडबडीत जागी धक्के खाऊन खाऊन त्याचे डाग तडकतात. मग कधी चालतो, कधी चालत नाही. असा बिघाड शोधता शोधता भलेभले थकतात.

स्क्रू बोटाने घट्ट होईल तेवढा फिरवावा आणि नंतर पान्याने पाव फेरा द्यावा, त्याहून जास्त नाही. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळल्यासारखे आवळू नये. एक भोक पिनांच्या काळ्या पट्टीला अगदी खेटून आहे, तेथे मोठ्या डोक्याचा स्क्रू बसत नाही. लहान डोक्याचा नायलॉनचा स्क्रू वापरावा, नाहीतर ते भोक सोडून द्यावे. तीन पायांवर बोर्ड उत्तम उभा राहतो. शेवटी तिवईला तीनच पाय असतात आणि ती डगमगत नाही.

चिकटपट्टीचे म्हणाल तर सपाट प्लॅस्टिकवर, घरात, चार दिवसांच्या चाचणीसाठी चालेल. पत्र्याच्या चेसीवर मुळीच नको. गरम गोंदाच्या बंदुकीने बोर्डच डकवून टाकण्याची पद्धत पुष्कळ मुलांत दिसते. तो बोर्ड पुढच्या वर्षी दुसऱ्या कामाला काढता येत नाही, आणि या मुलांचे खरे भांडवल तर तोच एक बोर्ड असतो.

बोर्ड बसला तरी वायरी राहतात. विहिरीत किंवा बोअरमध्ये सबमर्सिबल सोडताना आपण मोटार केबलवर लोंबकळत ठेवतो का? मोटारीचा भार पाइप आणि दोर घेतात, केबल पाइपाला जागोजाग बांधलेली असते. गाडीतही वायर पिनेपर्यंत पोहोचण्याच्या दोन बोटे आधी चेसीला केबल टायने बांधावी आणि पुढे थोडी ढिली सोडावी. मग ओढ बसली तरी ती टायवर बसते, पिनेवर येत नाही. मोटारींच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन सेन्सरच्या वायरींपासून दूर न्याव्यात. आणि बॅटरी, ड्रायव्हर व आर्डुइनो या तिन्हींचे ऋण टोक एकत्र जोडले आहे ना, हे पाहावे. ते सुटले तर गाडी वेड्यासारखी वागते आणि दोष विनाकारण प्रोग्रॅमला लागतो.

बॅटरीबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी मोटारींना पुरत नाही, तिचा नाद सोडावा. पहिल्या गाडीला पेन्सिल सेलच बरे. सहा सेल एकामागे एक जोडले की 9 व्होल्ट होतात आणि उनोला 7 ते 12 व्होल्ट मानवतात. लिथियम सेल जोरदार खरे, पण त्यांची दोन टोके चुकून जुळली तर वायर लाल होते आणि सेल पेटूही शकतो. ते वापरायचेच तर बटण असलेल्या होल्डरमध्ये असावेत, खिशात नाण्यांबरोबर किंवा दप्तरात सुटे नसावेत. चार्जिंग त्यांच्यासाठीच बनवलेल्या चार्जरवर, मोठ्या माणसाच्या नजरेखाली आणि फरशीवर करावे. आपल्या घरात कडबा, पाचट, बारदान, डिझेलचे कॅन हाताशी असतात. गोठ्याच्या माळवदाखाली रात्रभर सेल चार्जिंगला लावून झोपणे हा पोरखेळ नव्हे, एवढे घरच्या वडीलधाऱ्यांनी पाहावे.

सगळे आवळून झाले की बॅटरी न घालता गाडी कानाजवळ धरून हलवावी आणि मग उलटी करून पुन्हा हलवावी. खळखळ आली तर कोठेतरी नट किंवा वायसर सुटा आहे, तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. मल्टिमीटर असेल तर तो आवाजावर ठेवून बोर्डाचे 5 व्होल्टचे टोक आणि ऋण टोक, तसेच बॅटरीचे धन आणि ऋण टोक तपासावे. चेसी पत्र्याची असेल तर पत्रा आणि ही प्रत्येक पिन तपासावी. सतत टीं वाजले तर थांबावे. मग गाडी डब्यावर ठेवून चाके अधांतरी करावीत, आधी लॅपटॉपच्या वायरीवर दिवा लागतो का पाहावे आणि त्यानंतरच बॅटरीचे बटण दाबावे. पहिली दोन मिनिटे एक बोट बटणावर आणि दुसऱ्या हाताचे बोट बोर्डाजवळ ठेवावे. चटका बसण्याइतकी ऊब लागली तर बटण बंद करावे. नाही लागली तर गाडी जमिनीवर सोडायला हरकत नाही, अंगणातल्या कोंबड्या तेवढ्या बाजूला कराव्यात.