मोबाईल दाखवील ती वाट : फेरीच्या धंद्याला नवा धडा

आपल्या समाजातील मणियार, पिंजारी, अत्तार आणि कल्हईवाले पिढ्यान् पिढ्या फेरीवर जगले. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी, कोणत्या वस्तीत बांगडी खपते, कोठे गाद्या भरून हव्या असतात, हे त्यांना तोंडपाठ असे. आज दुकान थाटून बसलेल्या अनेकांचा रस्ता घर, मशीद, दुकान आणि ठोक बाजार एवढाच उरला आहे. बुलडाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. त्यांतील आडवाटेची किती गावे आपण पाहिली, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

हा प्रश्न आम्हाला सुचला तो एका मोबाईल ॲपमुळे. 'रँडोनॉटिका' नावाचे हे ॲप २०२० साली अमेरिकेत निघाले आणि टाळेबंदीच्या दिवसांत तरुणांमध्ये गाजले. त्याची रीत सोपी आहे. आपण कोठे आहोत हे ॲपला कळू द्यायचे, किती अंतराच्या आत जायचे ते ठरवायचे, मनात एखादा हेतू धरायचा आणि बटण दाबायचे. ॲप कोणताही क्रम नसलेले आकडे घेते आणि त्यांवरून नकाशावर एक ठिकाण दाखवते. तेथे जाऊन काय आढळते ते पाहायचे.

मनातील हेतूचा त्या आकड्यांवर परिणाम होतो, असे हे ॲप काढणारे सांगतात. विज्ञानाने ते सिद्ध केलेले नाही. आपणही याला फाल किंवा शकुन समजू नये. डोळे मिटून चिठ्ठी उचलावी, तसाच हा प्रकार आहे.

मग व्यापाऱ्याला याचा उपयोग काय? उपयोग एकच, सवयीची वाट मोडते. लोणारचे सरोवर सर्वांना ठाऊक आहे. पण मोताळा तालुक्यातील रोहिणखेडची जुनी मशीद किती जणांनी पाहिली? सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजामुल्मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या राज्याचा पाया पडला. अशा गावांजवळून आपण माल भरून जातो, पण उतरत नाही. जी गत इतिहासाची, तीच गिऱ्हाइकाची. एखाद्या वस्तीत वेल्डिंगचे काम करणारा नसेल, शिलाईसाठी बायकांना तालुक्याला जावे लागत असेल, किंवा एखादा उत्तम कारागीर गिऱ्हाइकाअभावी बसून असेल. हे दुकानाच्या गादीवर बसून कळत नाही.

परंतु सावधगिरी हवी. जुना फेरीवाला ओळखीच्या गावात जाई. ॲप अनोळखी जागी पाठवते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच भटक्या माणसांना ठार मारले. मोबाईलवरून पसरलेल्या अफवेने हे घडले. परक्या वस्तीत हातात मोबाईल धरून विनाकारण घुटमळणारा माणूस लोकांच्या नजरेत येतो, हे आपल्या तरुणांनी विसरू नये.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. दिवसाढवळ्या जावे, दोघे मिळून जावे, घरी सांगून जावे. गावात शिरताच चहाच्या टपरीवर किंवा पारावर बसलेल्या मंडळींना रामराम करून आपले नाव, गाव आणि धंदा सांगावा. विचारल्याशिवाय फोटो काढू नये. ठिकाण कोणाच्या शेतात निघाले तर बांधावरूनच परतावे. उभे पीक तुडवू नये आणि कठडा नसलेल्या विहिरीपासून जपावे. ज्ञानगंगा अभयारण्यात ठिकाण निघाले तर वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकू नये. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पायवाटेवर मोटारसायकल घालू नये; चाकात चिखल भरला की ती जागची हलत नाही.

परत आल्यावर वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : तेथे काय मिळते, काय मिळत नाही आणि बाजाराचा वार कोणता. महिन्यातून एक सुटीचा दिवस असा घालवला तर वर्षाअखेरीस बारा ठिकाणांची माहिती हाती येईल. त्यातली दोन जरी धंद्याला उपयोगी पडली, तरी पेट्रोलचा खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही.

जुम्याची नमाज झाल्यावर जमिनीवर पसरून रोजी शोधण्याची शिकवण आपल्याला आहेच. ॲप फार तर एक दिशा दाखवील. तेथील माणसांशी ओळख मात्र आपल्या जबानीने आणि सचोटीनेच करावी लागेल.