न संपलेले संभाषण

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागनजीक किनाऱ्यावर आदळले, तेव्हा नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांबरोबर विजेचे खांबही कोसळले. आणि विजेच्या अशा आकस्मिक खंडातूनच इंटरनेट-दूरध्वनीचा एक विलक्षण दोष उद्भवतो. या पद्धतीत संभाषण संपल्याची वर्दी ‘बाय’ नामक छोटा संदेश देतो. परंतु नेमक्या त्याच क्षणी जोडणी तुटली, तर माणसे केव्हाच उठून गेली तरी यंत्राच्या दप्तरी कॉल चालूच राहतो, आणि पर्यटनाच्या ऐन हंगामात घरगुती निवासवाल्याची लाइन विनाकारण अडून राहते.

‘ॲस्टेरिस्क’ या इंटरनेट-दूरध्वनीच्या मुक्त प्रणालीत ‘कोअर शो चॅनल्स व्हर्बोज’ ही आज्ञा दिली म्हणजे प्रत्येक कॉलचा कालावधी दिसतो. जो कॉल तासन्‌तास चालू आहे, पण ज्यात आवाजाचे एकही नवे पुडके (पॅकेट) येत नाही, तो मृत समजावा आणि त्या चॅनलचे नाव देऊन ‘चॅनल रिक्वेस्ट हँगअप’ या आज्ञेने बंद करावा.

तथापि कायमचा बंदोबस्त निराळाच आहे: २००५ साली प्रसिद्ध झालेल्या सत्र-कालमर्यादेच्या मानकानुसार उभय यंत्रे ठरावीक मुदतीत, शिफारशीप्रमाणे १८०० सेकंदांत, परस्परांची हजेरी घेतात आणि ती न लागल्यास कॉल आपोआप संपवतात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक व्यावसायिकाने ही तजवीज पावसाळ्यापूर्वीच अवश्य करून घ्यावी.