उतारवयातील विद्यार्थिदशा

२ ऑक्टोबर १९७८ रोजी भारत सरकारने राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमास प्रारंभ केला, तेव्हा ज्यांना अक्षरओळख करून द्यावयाची त्यांचे वय १५ ते ३५ असे मुकरर करण्यात आले. आणि दहा वर्षांनी, १९८८ साली, राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना झाली तेव्हाही हीच मर्यादा कायम राहिली. सरकारी तिजोरीला सीमा असते, निरक्षरांची संख्या अफाट असते, आणि ज्याच्या हातून अजून पंचवीस-तीस वर्षे उत्पादक श्रम व्हावयाचे आहेत त्याच्यावर आधी खर्च करावा, हा हिशेब राज्यकारभाराच्या दृष्टीने गैर म्हणता येणार नाही. परंतु या हिशेबाचा परिणाम असा झाला की, पस्तिशी ओलांडलेला निरक्षर माणूस शिक्षणाच्या दप्तरातून जवळजवळ खारीज झाला. आणि ज्या स्त्रियांचे बालपण शाळा नसलेल्या, किंवा शाळा असूनही ती मुलींसाठी नसलेल्या, गावांत गेले त्यांना बालपणी जे मिळाले नाही ते पुढे मागण्याची तरतूदही राहिली नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साठीवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती; त्यांतील पुरुषांपैकी शेकडा ५९ साक्षर होते, आणि स्त्रियांपैकी अवघ्या शेकडा २८. पुढे २०२२ साली आलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाने पंधरा वर्षांवरील सर्वांना आपल्या कक्षेत घेतले; तथापि त्याच्या सहा वर्षे आधीच ठाणे जिल्ह्यातील एका लहानशा गावाने, कोणत्याही योजनेची वाट न पाहता, या प्रश्नाला आपल्यापुरते उत्तर दिले होते.

मुरबाड तालुक्यातील फांगणे हे ते गाव, आणि आजीबाईंची शाळा हे त्या उत्तराचे नाव. शिवजयंतीच्या निमित्ताने गावात शिवचरित्राचे वाचन चालले असता, आपल्यालाही हे वाचता आले असते तर किती बरे झाले असते, अशी हळहळ तेथील वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखवली. ती हळहळ जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी नुसती ऐकून सोडून दिली नाही, तर मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साह्याने ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे जागतिक महिला दिनी, गावात खरोखरीच शाळा भरवली. विद्यार्थिनी सुमारे तीस, वय साठ ते नव्वद. गणवेश म्हणून गुलाबी नऊवारी, आणि ती सधवा-विधवा हा भेद बाजूस ठेवून सर्वांना सारखीच. हाती पाटी-पेन्सिल, खांद्याला दप्तर. हजेरी, प्रार्थना, बाराखडी, अंक, पाढे असा रीतसर क्रम. वेळ दुपारी दोन ते चार अशी ठरली, आणि या एका तपशिलात संयोजकांचे शहाणपण दिसून येते. कारण खेड्यातील म्हातारी माणसे रिकामी असतात हा शहरी समज असून, सकाळची झाडलोट, चूल, गुरे, नातवंडे आणि हंगामात शेतीही त्यांच्याच अंगावर असते, आणि दिवसातील त्यांच्या हक्काचे असे दोन तास असलेच तर ते जेवणानंतरचेच असतात.

या शाळेची छायाचित्रे देशोदेशींच्या वृत्तपत्रांतून झळकली, आणि पाहणाऱ्यांना त्यांत मुख्यतः कौतुक दिसले. कौतुकात वाईट काही नाही. परंतु म्हातारपणी शिकणे ही एक गोड गंमत आहे, अशी समजूत त्यातून होत असेल तर ती दूर केली पाहिजे. ज्या स्त्रीने आयुष्यभर बँकेच्या कागदावर, खरेदीखतावर, रेशनच्या नोंदवहीत अंगठा उमटवला, तिला स्वतःची सही करता येऊ लागणे म्हणजे ज्या मजकुराखाली आपण संमती देत आहोत तो मजकूर काय आहे हे विचारण्याचा अधिकार प्राप्त होणे होय. याखेरीज आणखी एक गोष्ट तेथे घडली. शिकवणारी तरुण बाई ही गावाचीच सून, आणि तिची सासू वर्गातील विद्यार्थिनींपैकी एक. घरी आजीचा अभ्यास घेणारी तिची नातवंडे. आज्ञा करणाऱ्याने दिवसाचे दोन तास शिष्यत्व पत्करावे आणि आज्ञा पाळणाऱ्याने गुरुस्थानी बसावे, ही उलटापालट घरातील वडीलकीला बाध न आणता घरातील वागणुकीत नवा मोकळेपणा आणू शकते.

निरक्षर वृद्धांचा प्रश्न असा सुटू शकतो; पण जे आयुष्यभर लिहीत-वाचीत आले, ज्यांनी कचेऱ्यांतून, शाळांतून, गिरण्यांतून आणि टपालखात्यातून तीस-पस्तीस वर्षे नोकरी केली, आणि जे एका ठरावीक तारखेला हार-श्रीफळ घेऊन घरी बसले, त्यांच्या शिक्षणाचे काय? या प्रश्नाचा पद्धतशीर विचार प्रथम फ्रान्समध्ये झाला. लोकांना आयुष्यभर शिक्षण मिळत राहील अशी तजवीज करणे हे विद्यापीठांचे कर्तव्य आहे, असे तेथील १९६८ च्या कायद्याने ठरवले होते. त्याचा आधार घेऊन १९७३ साली तुलूझ येथील प्राध्यापक पिएर व्हेला यांनी निवृत्तांसाठी विद्यापीठाचे दरवाजे उघडले, आणि या उपक्रमास ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ असे नाव मिळाले. इमारत विद्यापीठाची, व्याख्याते विद्यापीठाचे, विषयही बहुतांशी त्यांनीच आखलेले. विद्यार्थी मात्र पांढऱ्या केसांचे. ही पद्धत युरोपात झपाट्याने पसरली.

इंग्लंडने १९८२ साली नाव तेच घेतले, पण घडण अगदी वेगळी केली. केंब्रिजचे इतिहासकार पीटर लॅस्लेट, मुक्त विद्यापीठाच्या कल्पनेचे आद्य पुरस्कर्ते मायकेल यंग आणि शिक्षणतज्ज्ञ एरिक मिडविंटर या तिघांचे म्हणणे थोडक्यात असे की, निवृत्तांच्या समुदायात निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ असतो, सुतार असतो, परिचारिका असते, लॅटिनची शिक्षिका असते. मग यांना शिकवण्यासाठी बाहेरून पगारी मास्तर कशाला? जो शिकवील त्याने शिकावेही, आणि जो शिकेल त्याने शिकवावेही. त्यामुळे तेथे परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, शिकवणाऱ्यास मानधन नाही, वर्गणी माफक, आणि वर्ग म्हणजे बहुधा कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत जमलेली आठ-दहा माणसे. या रीतीने वाढत गेलेल्या संस्थेच्या आज ब्रिटनमध्ये सुमारे एक हजार स्थानिक शाखा असून सभासद चार लाखांच्या घरात आहेत. लॅस्लेट यांनी पुढे १९८९ च्या आपल्या ग्रंथात आयुष्याचे चार भाग कल्पिले: पहिला परावलंबनाचा व शिक्षणाचा, दुसरा नोकरीचा व संसाराचा, तिसरा स्वतःच्या विकासाचा, आणि चौथा पुन्हा परावलंबनाचा, आणि आधुनिक समाजाने माणसाला हा तिसरा भाग नव्याने बहाल केला असला तरी त्याचे काय करावे हे त्याला कुणी सांगितलेले नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्रात या तिसऱ्या भागाची सोय नाही, असे मात्र नाही. कीर्तन आणि प्रवचन ही आपल्याकडील प्रौढांची सर्वांत जुनी विद्यापीठे. जोतीराव फुले यांनी शेतकरी व मजूर यांच्यासाठी १८५५ सालीच रात्रीची शाळा काढली. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली आणि तिचे अनुकरण गावोगाव झाले. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने तर सगळे गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ साजरा करण्याचा शिरस्ताच पाडला. आज तालुक्याच्या गावापासून मुंबई-पुण्याच्या पेठा-उपनगरांपर्यंत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांना बसण्यास जागा असते, ठरलेला वार असतो, सभासदांची यादी असते. आरोग्यावर डॉक्टरांचे भाषण, मृत्युपत्रावर वकिलांचे भाषण, वाढदिवस, सहली, भावगीतांचा कार्यक्रम हे सर्व होते. परंतु या सगळ्याकडे नीट पाहिले म्हणजे ध्यानात येते की, त्यात वृद्धाच्या वाट्याला आलेली भूमिका जवळजवळ सर्वत्र श्रोत्याची आहे. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य गृहत्याग करावयास निघाले असता मैत्रेयीला जो उपदेश करतात त्यात श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन सांगितले आहे. आपण उतारवयातील माणसाला पहिल्या पायरीवर सतरंजी अंथरून दिली आणि पुढच्या पायऱ्या त्याला झेपणार नाहीत असे परस्पर ठरवून टाकले. माझे म्हणणे एवढेच आहे की, त्याला आता श्रवणाकडून अभ्यासाकडे नेले पाहिजे.

हे केवळ मताचे प्रकरण नाही. अमेरिकेतील डॅलस येथे डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. साठ ते नव्वद या वयाच्या दोनशेहून अधिक व्यक्तींचे त्यांनी गट पाडले. काहींना आठवड्यास सुमारे पंधरा तास याप्रमाणे तीन महिने गोधडीकाम किंवा संगणकाच्या साह्याने करावयाचे छायाचित्रण ही त्यांना नवीन असलेली विद्या शिकवली, तर काहींना तेवढाच वेळ गप्पा, खेळ, सहली यांत घालवू दिला, आणि काहींना घरी बसून संगीत ऐकणे, शब्दकोडी सोडवणे अशी सोपी कामे दिली. अखेरीस तपासणी केली तेव्हा जे नवीन व कठीण काही शिकले त्यांची स्मरणशक्ती इतरांहून सुधारलेली आढळली. संगतसोबत आनंद देते, आणि वृद्धापकाळी तो आनंद थोडका नव्हे; पण बुद्धीला पोषण मिळते ते हाताने करून पाहण्यातून, चुकण्यातून, आणि पुन्हा करण्यातून.

असा अभ्यास कोणत्या विषयाचा करावा, याचे एक उत्तर आपल्या मातीतच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी माणूस कागदोपत्री मोडी लिपी वापरीत होता. पुढे शाळांतून ती गेली, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरापासून घरोघरच्या जुन्या खरेदीखतांपर्यंत असंख्य कागद वाचणाऱ्याअभावी पडून राहिले. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि इतर काही संस्था मोडीचे वर्ग चालवतात. निवृत्त कारकुनाला या विद्येकडे वळण्यास अनेक कारणे आहेत: दप्तराची भाषा त्याला परकी नाही, जमाखर्च, वसूल, बाकी, इनाम, सनद हे शब्द त्याच्या कानांवरून गेलेले असतात, घाई नसते, आणि एकेका वळणदार अक्षरावर अर्धा तास घालवण्याची चिकाटी नोकरीनेच त्याच्या अंगी बाणवलेली असते. वर्ष-दोन वर्षांच्या अभ्यासाने तो जेव्हा आपल्याच गावच्या वतनाचा किंवा देवस्थानाचा कागद वाचू लागतो तेव्हा तो विद्यार्थी उरत नाही. ज्या विषयातील माणसे समाजाला हवी आहेत त्यातला तो एक कामाचा माणूस होतो.

प्रत्येक संघाने मोडीच शिकवावी असे अर्थातच नाही. कुठे संस्कृत असेल, कुठे पक्षिनिरीक्षण, कुठे पेटीवादन, कुठे गावच्या जुन्या विहिरींची आणि वास्तूंची नोंद. आणि मोबाइलवरून वीजबिल भरणे, नातवाशी बोलणे, परंतु अनोळखी माणसाला बँकेचा ओटीपी न सांगणे, हा विषय तर आज सर्वत्र निकडीचाच झाला आहे. विषय कोणताही असो, वर्ग चालवण्याची पथ्ये मात्र सारखीच. जागा तळमजल्यावर आणि स्वच्छतागृहाजवळ असावी; उजेड भरपूर, अक्षर मोठे; पंख्याचा आवाज शिकवणाऱ्याच्या आवाजावर मात करणारा नसावा, कारण कमी ऐकू येणारा माणूस तसे सांगत नाही, तो हळूहळू येणे बंद करतो. एका वेळी थोडेच शिकवावे, आणि मागील पाठाची उजळणी झाल्यावाचून पुढे जाऊ नये. हजेरी घ्यावी, ती शिस्तीसाठी नव्हे, तर दोन वेळा न आलेल्याच्या घरी कुणीतरी जाऊन यावे म्हणून. परीक्षा घेऊ नये, पण वर्षअखेरीस केलेले काम चारचौघांसमोर मांडण्याचा प्रसंग अवश्य आणावा. सर्वांत जपावयाचे ते हे की, शिकवणाऱ्या तरुणाने मोबाइल हातातून घेऊन ‘द्या, मीच करून देतो’ असे म्हणू नये. त्याने काम होते, शिक्षण होत नाही.

एवढे सारे करून निष्पन्न काय, ज्याला पुढे नोकरी नाही, पदवी नाही, बढती नाही, त्याच्या शिकण्याचा उपयोग काय, असा आक्षेप व्यवहारी माणूस घेईल. त्याचे एक उत्तर व्यवहाराचेच आहे: जो आपली औषधाची पट्टी स्वतः वाचतो, आपल्या खात्यावरची रक्कम स्वतः तपासतो आणि आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडण्यास ज्याला कारण असते, तो कुटुंबावर पडणारा भार आपल्या परीने कमी करीतच असतो. दुसरे उत्तर याहून मोलाचे वाटते. बालपणी आपण धाकाने शिकतो आणि तारुण्यात पोटासाठी शिकतो. धाकही गेला आणि पोटाची तजवीजही झाली असता जो शिकतो, त्याच्या शिकण्याला ज्ञानाखेरीज दुसरा हेतू उरत नाही, आणि शिक्षणाचे शुद्ध स्वरूप समाजाला कुठे दिसावयाचे असेल तर ते या वर्गांतूनच दिसेल.

अशा वर्गास सरकारची मंजुरी लागत नाही, अनुदानावाचून अडत नाही, नवी इमारतही नको. ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढल्या मासिक सभेत चिटणिसांनी दोन कोरे कागद फिरवावेत: एकावर प्रत्येकाने आपल्याला काय शिकण्याची इच्छा आहे ते लिहावे, दुसऱ्यावर आपल्याला काय शिकवता येईल ते, ज्याला लिहिता येत नाही त्याचे शेजाऱ्याने लिहून घ्यावे, आणि हीच त्या दोघांच्या वर्गाची सुरुवात समजावी. दुसरा कागद प्रथम कोराच परत येईल, कारण आपल्याला काही शिकवता येते का, हे म्हाताऱ्या माणसाला कित्येक वर्षांत कुणी विचारलेले नसते. तेव्हा चिटणिसांनी तो पुन्हा फिरवावा. आणि लोणचे मुरवण्यापासून लेजर जुळवण्यापर्यंत आणि ओव्यांपासून ओलितापर्यंत जे जे त्यावर उमटेल, त्यातून पहिल्या वर्षाचे वेळापत्रक आखावे.