‘पैसे वसूल’ आणि ‘हौस फिटली’ : मौजेच्या खर्चाचे दोन भाषिक नमुने

१

सुट्टीत कुटुंबाला घेऊन एखाद्या मोठ्या मनोरंजन-उद्यानात जावे की नाही, आणि गेल्यास त्यावर होणारा भारी खर्च कारणी लागतो की नाही, हा प्रश्न आता महानगरांतील मध्यमवर्गापुरता उरलेला नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांत कालव्यांच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो व द्राक्षे पिकविणारी कुटुंबेही चाकण, तळेगाव, लोणावळा असा मार्ग काढून, घाट उतरून, खालापूर तालुक्यातील ‘इमॅजिका’ ह्या उद्यानाला जातात. हे उद्यान एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले. त्याआधीच्या पिढीला १९८९ साली गोराईस सुरू झालेले ‘एस्सेलवर्ल्ड’ ठाऊक होते. २०२२ मध्ये ‘इमॅजिका’ची सूत्रे संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे आली. संगमनेर हा जुन्नरला लागूनच असलेला तालुका. तेव्हा हा व्यवसाय आता ह्या परिसराला परका राहिलेला नाही.

अशा सहलीहून परतलेल्या माणसाला शेजारी एकच प्रश्न विचारतात : ‘पैसे वसूल झाले का?’ हेच कुटुंब चैत्रात गावच्या यात्रेवरही खर्च करते. वर्गणी देते, पाहुण्यांना जेवू घालते, मुलांना पाळण्यात बसविते. परंतु यात्रा संपल्यावर ‘पैसे वसूल झाले का’ असे कोणी विचारीत नाही. विचारल्यास तो प्रश्न विपरीत वाटेल. खर्च दोन्हीकडे आहे, मौजही दोन्हीकडे आहे. मग एका ठिकाणी जो शब्द सहज येतो तो दुसऱ्या ठिकाणी का अडखळतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्या विचारातून मूळ प्रश्नाचे उत्तरही काही अंशी हाती येते.

२

‘वसूल’ हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘पोहोचणे’. जे येणे होते ते येऊन पोहोचले, तो वसूल. उच्चारसाम्यामुळे ‘महसूल’ हा त्याचाच भाईबंद वाटतो. पण त्याचा अरबी धातू वेगळा असून त्याचा अर्थ ‘प्राप्त होणे’ असा आहे. मराठी दफ्तरांत ‘वसूल’ व ‘बाकी’ ही जोडी प्रसिद्धच आहे. येणेकरी, देणेकरी आणि ठरलेली रक्कम ह्या तीन गोष्टींवाचून ‘वसूल’ हा शब्द उभा राहू शकत नाही. ‘पैसे वसूल झाले’ असे म्हणणारा माणूस स्वतःला नकळत सावकाराच्या जागी बसवितो. तिकिटाच्या रूपाने त्याने उद्यानाला रक्कम दिली आहे, आणि दिवसभरात ती मौजेच्या रूपाने परत मिळवावयाची आहे. हिंदीच्या वळणाने ‘पैसा-वसूल सहल’ असा विशेषणासारखा प्रयोगही आता मराठीत कानी पडतो. म्हणजे वसुली ही घटना न राहता सहलीचा गुण बनली आहे.

मराठीत ह्याच क्षेत्रात दुसरे एक क्रियापद आहे, ते ‘फिटणे’. कर्ज फिटते, नवस फिटतो, डोळ्यांचे पारणे फिटते, आणि हौसही फिटते. ‘हौस’ हा शब्द मुळात अरबीच, परंतु त्याला जोडलेले क्रियापद मराठीने आपले दिले. येथेही रूपक ऋणाचेच आहे. मात्र पक्षांची अदलाबदल झालेली आहे. ‘हौस फिटली’ म्हणणारा येणेकरी नसून देणेकरी आहे. हौस हे त्याच्यावरचे देणे, आणि खर्च ही त्या देण्याची फेड. फेड झाली की माणूस मोकळा होतो. किती परत मिळाले, हा प्रश्न त्यात संभवतच नाही.

ह्या दोहोंच्या मध्ये ‘चीज होणे’ हा प्रयोग येतो. फारसीत ‘चीज’ म्हणजे केवळ वस्तू. मराठीत मात्र ‘कष्टांचे चीज झाले’, ‘पैशाचे चीज झाले’ असे आपण म्हणतो. येथे एक साधी कसोटी लावून पाहावी. ‘पैशाचे चीज झाले’ आणि ‘पैसे वसूल झाले’ हे दोन्ही प्रयोग चालतात. ‘कष्टांचे चीज झाले’ चालते. परंतु ‘कष्ट वसूल झाले’ असे सहसा कोणी म्हणत नाही. जे मोजता येते तेच वसूल होऊ शकते. सहलीतील श्रम, प्रवास, रजा, उन्हात काढलेले तास ह्यांना ‘वसूल’च्या हिशेबात जागा नाही. मौजेच्या खर्चाचा निर्णय ह्या एका शब्दावर सोपविल्यास हिशेब अपुरा राहतो, तो ह्यामुळे.

३

मनोरंजन-उद्यानाची आजची दररचना मात्र ‘वसूल’ ह्या शब्दाला पोषक अशीच आहे. अमेरिकेतील ॲनाहाइम येथे जुलै १९५५ मध्ये डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा प्रौढांस प्रवेशशुल्क अवघे एक डॉलर होते आणि आतील प्रत्येक खेळासाठी निराळे पैसे द्यावे लागत. त्याच वर्षी कूपनांची पुस्तके निघाली. ही कूपनपद्धती १९८२ साली बंद झाली. एकदा फाटकाशी पैसे भरले की आतील खेळ कितीही वेळा खेळावेत, अशी रीत आली. आज जगातील बहुतेक मोठ्या उद्यानांत हीच रीत आहे. २०२४ पर्यंत डिस्नेलँडच्या गर्दीच्या दिवसांचे एका दिवसाचे तिकीट दोनशे डॉलरच्या पुढे गेले होते.

वॉल्टर ओई ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली एका प्रसिद्ध निबंधात डिस्नेलँडचेच उदाहरण घेऊन ह्या दुहेरी आकारणीची मीमांसा केली. प्रवेशासाठी एक रक्कम व खेळासाठी दुसरी, असे दोन भाग असतील, तर नफा कोणत्या भागातून घ्यावा? सर्व ग्राहक एकसारखे असतील तर खेळाचा दर त्याच्या प्रत्यक्ष खर्चाइतका खाली ठेवावा आणि ग्राहकाला दिवसभरात जे सुख मिळणार त्याचे मोल फाटकाशीच घ्यावे, हे मालकाच्या हिताचे ठरते.

ह्या रचनेचे दोन परिणाम होतात. आत गेल्यावर प्रत्येक खेळ फुकट भासत असल्यामुळे जो तो जास्तीत जास्त खेळ खेळू पाहतो, आणि पैशाने न रोखलेली मागणी रांगेने रोखली जाते, हा पहिला परिणाम. कल्पित आकडे घेऊन पाहू. उद्यान आठ तास उघडे आहे. जेवण व चालणे ह्यांत दोन तास जातात. प्रत्येक खेळासाठी रांग व खेळ मिळून एक तास लागला तर दिवसात सहा खेळ होतील. वीस मिनिटे लागली तर अठरा होतील. तिकीट तेच, पण एका खेळाची किंमत पहिल्या दिवशी तिप्पट पडते. दुसरा परिणाम असा, की रांग चुकविण्याची सोय हाच विक्रीचा नवा माल होतो. डिस्नेच्या उद्यानांत १९९९ पासून विनामूल्य असलेली ही सोय २०२१ मध्ये सशुल्क झाली. जादा पैसे देणारा पुढे जातो, त्या वेळी मागे राहिलेल्यांची रांग तितकीच लांबते. एकाची वसुली दुसऱ्याच्या बाकीतून होते.

अशा ठिकाणी गर्दी ही शुद्ध हानी आहे. दिवाळीच्या वा मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्या कुटुंबाला, ज्या दिवशी सर्वांना सवड असते नेमक्या त्याच दिवशी, खर्चाचा सर्वांत कमी मोबदला मिळतो.

४

जुन्नर-आंबेगावच्या यात्रांची रचना ह्याच्या उलट आहे. यात्रेला फाटक नाही आणि प्रवेशशुल्कही नाही. पाळण्याला, खेळण्याला, खाऊला ज्याचे त्याने पैसे द्यावे. सर्वांच्या वाट्याचा जो मोठा खर्च, म्हणजे पालखी, तमाशा, कुस्त्या, बैलगाड्यांची बक्षिसे, तो वर्गणीतून होतो. आणि ही वर्गणी गाव घरोघरून ‘वसूल’ करते. म्हणजे ‘वसूल’ हा शब्द यात्रेतही आहे, परंतु तो यात्रेच्या आधी येतो आणि वसूल करणारा गाव असतो. उद्यानात तो सहलीच्या नंतर येतो आणि वसूल करणारा पाहुणा असतो. सगळ्या भेदाचे मर्म ह्या कर्तृबदलात आहे.

ह्याचे ठळक उदाहरण म्हणजे नारायणगाव. विठाबाई नारायणगावकरांच्या ह्या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे कारभारी येऊन आपापल्या यात्रेसाठी फड ठरवितात. ह्या व्यवहाराला ‘सुपारी’ म्हणतात. सुपारीचा खेळ गावच्या मोकळ्या पटांगणात होतो आणि तो कोणीही पाहावा. तोच फड यात्रांचा हंगाम नसताना तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतो. कलावंत तेच आणि खेळही तोच. परंतु तिकिटाच्या तंबूत प्रेक्षक आपल्या पैशाचा हिशेब मागतो, आणि सुपारीच्या खेळात ‘यंदा गावाने फड कोणता आणला’ ह्याची चर्चा होते. मोजमापाचे एकक माणूस न राहता गाव होते.

गर्दीचेही तसेच. जत्रा ‘भरते’. ‘यात्रा’ ह्या संस्कृत शब्दाचे तद्भव रूप ‘जत्रा’, आणि त्याला मराठीने जे क्रियापद जोडले त्यातच गर्दीची अपेक्षा अंतर्भूत आहे. आंबेगाव तालुक्यात पौष पौर्णिमेस थापलिंगाच्या खंडोबाला किंवा जुन्नर तालुक्यात श्रावणी सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी पाहण्यास माणूस जातो, तो गर्दी असूनही जातो असे नव्हे. गर्दी हा त्या जाण्याचाच एक भाग असतो. रिकामी जत्रा ही फसलेली जत्रा होय.

ह्या मौजेची किंमत थोडी असते, असे मात्र समजू नये. मुंबईचे डबेवाले मुख्यतः खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ ह्या भागांतले. दरवर्षी चैत्रात गावच्या यात्रांसाठी ते काही दिवस काम बंद ठेवून गावी येतात. तो प्रवास, वर्गणी, पाहुणचार आणि त्या दिवसांची बुडालेली कमाई एकत्र केल्यास खर्च लहान ठरत नाही. परंतु त्याची भाषा फेडीची आहे, वसुलीची नाही.

५

म्हणून यात्रा चांगली आणि उद्यान वाईट, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. फेडीच्या भाषेत सक्तीही दडलेली असते. ज्या घरात त्या वर्षी पीक बुडाले त्यालाही वर्गणी चुकत नाही. तमाशाच्या पटांगणात बायकांना मोकळेपणाने बसता येत नसे, हे फार जुने नाही. बैलांच्या छळाच्या आक्षेपावरून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये त्या अटींसह पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरविला. तथापि त्या निमित्ताने, गावाच्या हौसेचे मोल कोणी चुकवावे, हा प्रश्न उभा राहिला तो राहिलाच. २०२० व २०२१ ह्या साथीच्या वर्षांत यात्रा थांबल्या, तेव्हा सुपारीवर जगणाऱ्या फडांचे जे हाल झाले, त्यावरूनही ह्या रचनेचा भार कोणाच्या खांद्यावर असतो ते दिसते.

उलट तिकीट हे कोरडे असले तरी समदर्शी आहे. ते घराणे विचारीत नाही, जात विचारीत नाही, भावकीतील मान-अपमान जाणत नाही. गावात सतत कोणाच्या तरी नजरेखाली वावरणाऱ्या सुनेला किंवा मुलीला उद्यानातील तो एक अनोळखी दिवस जे देतो, ते यात्रा देऊ शकत नाही. हे सुख कोणत्याही दरपत्रकात लिहिलेले नसते, आणि म्हणूनच ते ‘वसूल’च्या हिशेबात धरले जात नाही.

६

आता मूळ प्रश्न. महागड्या उद्यानाची सहल पैशाच्या मोलाची आहे काय? वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की पहिली भेट ही बहुधा हौस असते आणि तिचा विचार हौसेसारखाच करावा. मुलाची उंची खेळांच्या मर्यादेत बसू लागली की, आपल्या ऐपतीत, कर्ज न काढता, शाळा बुडाली तरी आडवाराचा दिवस साधून ती एकदा फेडून टाकावी. हौस फिटते, हा तिचा मोठा गुण आहे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला हौसेचा आधार उरत नाही; तेथे खुशाल ‘वसूल’चाच हिशेब लावावा. रांगेचे तास, प्रवासाचा दिवस आणि वाढलेले दर लक्षात घेता त्या कसोटीला अशी भेट क्वचितच उतरते. वसुलीला स्वभावतः शेवट नाही. आणखी एक खेळ नेहमीच बाकी असतो.

हा विचार जुन्नरच्या दृष्टीने विशेष निकडीचा आहे. २०१८ मध्ये शासनाने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून घोषित केले आणि २०२० मध्ये राज्याचे कृषिपर्यटन धोरण आले. शिवनेरी, नाणेघाट, ओझर, लेण्याद्री ह्यांच्या जोडीला शेतावरचा मुक्काम हाही आता विक्रीचा विषय झाला आहे. लेण्याद्रीला तर दोन्ही भाषा एकाच पायरीवर भेटतात. लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्यामुळे सातव्या लेण्यातील गिरिजात्मजाला नवस फेडण्यास जाणाऱ्यालाही तिकीट काढावे लागते.

शेतावर येणाऱ्याला आज यजमान ‘पाहुणे’ म्हणतो, ‘गिऱ्हाईक’ म्हणत नाही. हा शब्द केवळ सौजन्याचा नाही. पाहुण्याला काय दाखविले ह्यापेक्षा त्याचे कसे केले ह्याला महत्त्व असते, आणि त्याच्याकडूनही वागण्याची काही अपेक्षा असते. परंतु हुरडा, बैलगाडीची फेरी, द्राक्षबागेतील फेरफटका ह्यांची यादी करून एका रकमेत ‘सर्व समाविष्ट’ असा दर लावला, की येणारा ती यादी हाती घेऊन वसुली करू लागतो. मग शेताची तुलना खालापूरच्या उद्यानाशी होते, आणि तीत शेत हरणार हे उघड आहे. कारण यंत्राच्या पाळण्याशी बैलगाडीने वेगाची स्पर्धा करावयाची नसते. जुन्नर-आंबेगावच्या पर्यटनाला ज्या शब्दात आपली किंमत सांगावयाची तो शब्द त्याने जपून निवडावा, हे केवळ भाषाशुद्धीचे काम नाही. त्या शब्दावरच पुढे दर ठरतो, आणि येणाऱ्याची अपेक्षाही.