सूड साथीदाराचा

वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटलेला माणूस कधी घराऐवजी जुन्या साथीदाराला शोधत निघतो. का? चोरीच्या वाट्यात दगा झाला, तर दाद कुठल्या कोर्टात मागणार? मग हिशेब सुऱ्याने होतो.

सर्वांत मोठा राग माफीच्या साक्षीदारावर. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खटल्यात सुहास चांडक असा साक्षीदार झाला. चौघे साथीदार १९८३ मध्ये फासावर गेले. कायदाही हा धोका ओळखतो: असा साक्षीदार आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच ठेवतात. पण शिक्षा भोगलेला साथीदार त्यानंतर कित्येक वर्षांनी सुटतो. तेव्हा भिंत नसते. सुटलेल्याच्या हाताला काम आणि डोक्यावर छप्पर, हाच मग दोघांचाही बचाव.